‘बंदुकीचे कायदे कडक करा’ म्हणणाऱ्या ग्रुपने सुरुवात कुठून करायची

समोरच्या गल्लीत हळद होती. रात्री साडेअकराला बेंजो ऐन रंगात असताना दोन आवाज झाले, सगळ्यांना वाटलं फटाके, कोणी खिडकीतून डोकावलंसुद्धा नाही. सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत कपडे काढायला गेल्या तर वरच्या पत्र्याला भोक, करंगळी जाईल एवढं, कडा आतल्या बाजूला वाकलेल्या आणि त्यातून उन्हाची तिरीप सरळ खालच्या चटईवर. त्या चटईवर उकाड्याच्या दिवसात त्यांचा नातू झोपतो. नशिबाने तो त्या रात्री आजोळी होता. आणि खाली गटाराच्या कडेला एका पोराला पितळी पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच) सापडली होती, तो ती ओठांना लावून शिट्टी वाजवत फिरत होता. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

आमचा ग्रुप तिथून सुरू झाला. आधी फक्त पाणी, पार्किंग, गणपतीची वर्गणी असले विषय असायचे. आता शस्त्रपरवाने, बेकायदा कट्टे (गावठी पिस्तुलं), कायद्यात काय बदल हवेत यावर आम्ही काम करतो आणि बऱ्याच जणांनी विचारलं की आम्हालाही आमच्याकडे असं काही करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून हे सविस्तर लिहितेय. लांब आहे पण वाचा, कारण आमच्या ज्या चुका झाल्या त्या तुमच्या होऊ नयेत असं मनापासून वाटतं.

पहिली चूक तीच, पुंगळी. आम्ही ती हातोहात फिरवली, हातावर ठेवून फोटो काढले, ग्रुपवर टाकले, संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. तोपर्यंत वीसेक जणांचे हात लागलेले, ती नेमकी कुठे पडली होती ते पोराला धड सांगता येईना, गोळी झाडताना कोणी पाहिलं का विचारल्यावर सगळे गप्प. अर्ज घेतला गेला, पुढे काही झालं नाही. म्हणून आधी हे पाठ करून ठेवा: गोळीचा आवाज आला असं नुसतं वाटलं तरी ११२ ला त्याच क्षणी फोन लावायचा, सकाळची वाट बघायची नाही, कारण फोनची वेळ नोंदली जाते आणि तीच पुढे तुमचा आधार होते. पुंगळी, गोळी, भोक, कशालाही हात लावायचा नाही. पुंगळीवर एखादं पातेलं उलटं ठेवा, वर वीट ठेवा, पोरांना लांब ठेवा आणि पोलिसांनी पंचनामा करेपर्यंत तसंच राहू द्या. कोणाकडे व्हिडिओ असेल तर तो फॉरवर्ड करत बसू नका, ज्या मोबाईलवर काढलाय त्यातच मूळ फाईल जपून ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरला की त्याची क्वालिटीही जाते आणि तारीख-वेळेची मूळ माहितीही.

ठाण्यात गेल्यावर ‘हवेत गोळीबार झाला’ एवढंच बोलू नका, कलम सांगा. शस्त्र कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, त्यात कलम २५ चं पोटकलम ९ आलं: लग्न, वरात, धार्मिक कार्यक्रम, कुठल्याही समारंभात आनंदाच्या भरात किंवा निष्काळजीपणे गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदूक परवान्याची असली तरीही. ‘लायसन्सची आहे हो’ हे उत्तर म्हणून चालत नाही, हे खूप लोकांना माहीतच नसतं. ठाण्यात एफआयआर घेतला नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात परिमंडळाच्या डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) पोस्टाने पाठवता येते, सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे, आणि स्पीड पोस्टाची पावती फाईलला लावायची.

आता ग्रुपबद्दल. संस्था रजिस्टर करायची घाई करू नका. आमच्यात पहिले दोन महिने नाव काय ठेवायचं, लोगो कसला, अध्यक्ष कोण यातच गेले आणि तोपर्यंत निम्मे लोक गळाले. आरटीआय टाकायला, आमदाराला भेटायला, निवेदन द्यायला रजिस्ट्रेशन लागत नाही, माणूस नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करतो. पैसे गोळा करायची वेळ आली तर मग ट्रस्टचं बघा. तुमच्या एरियात आधीच एएलएम (पालिकेसोबत काम करणारा रहिवाशांचा गट) असेल, मोहल्ला कमिटी असेल तर त्यांच्याकडे आधी जा. ९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईत ज्या मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या त्यातल्या जुन्या माणसांना पोलिसांशी भांडण न करता काम कसं करून घ्यायचं हे चांगलं कळतं. आमच्याकडे एक रिटायर्ड शिक्षिका आहेत, ताई, ज्यांना अर्जाची भाषा जमते, एक जण कोर्टात क्लार्क होते, आणि एक पंचविशीतली मुलगी आहे जिला एक्सेल येतं. एवढ्यावर आमचं काम चालतं. तुम्हालाही बोलणारे दहा भेटतील, पण फाईल सांभाळणारा एक तरी शोधाच.

पहिल्या मीटिंगला सगळ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यायची, नाहीतर पुढे नुसता आरडाओरडा होतो. आपल्या देशात बंदूक बाळगणं हा हक्क नाही. अमेरिकेत १७९१ पासून घटनेतच तो हक्क आहे म्हणून तिथलं भांडण वेगळं आहे, तिथल्या घोषणा इथे उचलून आणायच्या नाहीत. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम, त्यानुसार परवाना असेल तरच बंदूक. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे ३ ऐवजी जास्तीत जास्त २ बंदुका, विनापरवाना बंदूक सापडली तर किमान २ वर्ष, बेकायदा बनवली-विकली तर किमान ७ वर्ष ते जन्मठेप. मूळ विधेयकात एकच बंदूक ठेवायची असं होतं, विरोध झाला आणि ती दोनवर आली. म्हणजे विधेयक आलं की दुसऱ्या बाजूचे लोक जागे असतात आणि आपण नसतो, हे लक्षात ठेवा. त्याच दुरुस्तीत परवान्याची मुदतही ३ वर्षांवरून ५ वर्षं केली. बंदुकांची संख्या घटली ते चांगलंच झालं, पण तपासणीची पाळी मात्र दोन वर्षांनी लांबली, आणि मला ते आजही पटत नाही. पाच वर्षांत माणसाचं काय काय होतं, दारू लागते, धंदा बुडतो, घरात भांडणं होतात, डोक्यावर परिणाम होतो, आणि कपाटातली बंदूक तिथेच असते.

दुसरं म्हणजे परवान्याची बंदूक आणि बेकायदा कट्टा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. केंद्रीय गृहखात्याच्या आकड्यानुसार २०१६ अखेर देशात साधारण ३३ लाख ६९ हजार परवाने होते, त्यातले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास. आणि स्मॉल आर्म्स सर्व्हे या जिनिव्हाच्या संस्थेचा २०१८ चा अंदाज असा की भारतात सामान्य लोकांकडे मिळून ७ कोटींच्या वर बंदुका आहेत. अंदाज थोडा इकडेतिकडे धरला तरी मधली दरी बघा. मुंबईत गुन्ह्यात जे हत्यार पकडलं जातं ते बहुतेक गावठी कट्टा किंवा देशी पिस्तूल, मध्य प्रदेशच्या सीमेवरून, उत्तर प्रदेश-बिहारकडून ट्रेनने, बसने आलेलं. त्यामुळे कोणी म्हणालं की ‘परवाने बंद केले की प्रश्न सुटला’ तर ते खरं नाही, आणि कोणी म्हणालं की ‘सगळे गुन्हे कट्ट्याने होतात, परवान्याच्या मागे का लागता’ तर तेही खरं नाही.

८ फेब्रुवारी २०२४ आठवा. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांवर फेसबुक लाईव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या, झाडणाऱ्याने नंतर स्वतःलाही मारून घेतलं. ते पिस्तूल त्याच्या नावावरचं नव्हतंच, बॉडीगार्डच्या नावावर होतं आणि परवाना उत्तर प्रदेशातला. त्याच्या सहाच दिवस आधी उल्हासनगरमध्ये चक्क पोलीस ठाण्याच्या आत गोळीबार झाला, आमदाराकडून. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला गोविंदाच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून पायात घुसली, ते वाचले. परवाना म्हणजे सुरक्षितता असं आपल्याला उगाच वाटत असतं.

तर मग मागायचं काय? हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे वेळ घाला. आमचं पहिलं निवेदन होतं ‘शस्त्र कायदे कडक करावेत व मुंबई बंदूकमुक्त करावी’. ते आम्ही चार ठिकाणी दिलं, चारही ठिकाणी शिक्का मारून घेतला गेला आणि संपलं. त्यात चूक कोणाची म्हणाल तर आमची, कारण त्या कागदावर असं एकही वाक्य नव्हतं ज्यावर समोरचा अधिकारी सही करून काही करू शकला असता. प्रत्येक मागणीपुढे विचारायचं, हा कागद कोणाच्या टेबलावर जाणार आणि तो माणूस उद्या सकाळी त्याचं काय करू शकतो?

कायदा बदलायचा अधिकार केंद्राचा. शस्त्रं हा विषय घटनेच्या केंद्रसूचीत आहे, म्हणजे आमदाराला ‘कायदा कडक करा’ सांगून उपयोग नाही, ते खासदाराला सांगायचं. पण परवाना देणं, नाकारणं, निलंबित करणं, रद्द करणं हे इथेच होतं. मुंबईत परवाना देणारे पोलीस आयुक्त, आणि जिथे आयुक्तालय नाही त्या जिल्ह्यात जिल्हाधिकारी. आणि हद्द नीट बघा. दहिसर चेकनाका ओलांडला की मीरा-भाईंदर वसई-विरारचं आयुक्तालय, मुलुंड चेकनाक्यापलीकडे ठाण्याचं, वाशीचा पूल ओलांडला की नवी मुंबईचं. आमचा एक अर्ज चुकीच्या आयुक्तालयात गेला आणि महिना फुकट गेला.

आता आमच्या मागण्या अशा आहेत, तुम्ही तुमच्या ठरवा. आयुक्तांकडे: नूतनीकरणाच्या वेळी नुसता कागद न बघता शस्त्र आणि काडतुसं प्रत्यक्ष मोजा, घरात ते कुलूपबंद ठेवलंय का बघा, कारण सुरक्षित ठेवायची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी परवानाधारकावर आधीच टाकलीय, तपासायला कोणी जायला हवं एवढंच. परराज्यातल्या परवान्यावर इथे नोकरी करणारे जे गनमॅन आणि बॉडीगार्ड आहेत त्यांची पोलीस ठाणेनिहाय यादी पोलिसांनी स्वतःकडे करा आणि ठराविक काळाने पडताळा. परवानाधारकावर घरगुती हिंसाचाराची किंवा मारहाणीची तक्रार आली की ठाण्याने ते परवाना शाखेला लगेच कळवायचं. यातल्या एकाही गोष्टीसाठी दिल्लीला नवा कायदा करावा लागत नाही. कायद्याचं कलम १७ आहेच, सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी गरज वाटली तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. खासदारांकडे मात्र कायद्यातला बदल: तपासणीची मुदत परत ३ वर्षांवर आणा आणि घरातल्या सज्ञान माणसांचं म्हणणं ऐकल्याशिवाय परवाना देऊ नका. दुसरी मागणी मला स्वतःला जास्त जवळची वाटते, कारण बंदूक घरात कशी वापरली जाते, कशी दाखवली जाते, कोणाला घाबरवायला काढली जाते, हे घरच्या बाईला माहीत असतं आणि तिला कोणी विचारत नाही.

मागणीच्या आधी आकडे. आकड्याशिवाय गेलात तर ‘तुमच्या भागात काही प्रॉब्लेम नाही’ एवढं एकच वाक्य तुम्हाला परत पाठवतं. आकडे आरटीआयमधून मिळतात, महाराष्ट्रात १० रुपये फी, ऑनलाईन टाका किंवा साध्या कागदावर कोर्ट फी स्टॅम्प लावून. दोन गोष्टी सांभाळा: आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. आणि नावं मागू नका. नावं-पत्ते मागितले की वैयक्तिक माहिती, जिवाला धोका अशी कारणं देऊन अर्ज फेटाळला जातो, आणि खरं सांगायचं तर कोणाच्या घरी बंदूक आहे याची यादी आपल्या व्हॉट्सॲपवर फिरणं कोणाच्याच हिताचं नाही, चोरालाही तीच यादी हवी असते. आमचा मजकूर खाली देतेय, हवा तसा बदलून घ्या:

“बृहन्मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतील शस्त्रपरवान्यांबाबत मागील ३ कॅलेंडर वर्षांची वर्षनिहाय व पोलीस ठाणेनिहाय फक्त आकडेवारी द्यावी. कोणाही व्यक्तीचे नाव वा पत्ता नको. १) सध्या चालू असलेले वैयक्तिक परवाने. २) नवीन परवान्यासाठी आलेले, मंजूर झालेले व नाकारलेले अर्ज. ३) नूतनीकरण झालेले परवाने. ४) कलम १७ खाली निलंबित वा रद्द केलेले परवाने. ५) मुदत संपूनही नूतनीकरण न झालेले परवाने व त्यांपैकी जमा झालेली शस्त्रे. ६) परराज्यातील परवान्यांपैकी आपल्याकडे नोंद असलेले. ज्या मुद्द्याची माहिती ठेवली जात नाही, तसे लेखी कळवावे.”

शेवटचं वाक्य कापू नका. ‘अशी माहिती संकलित केली जात नाही’ हे उत्तर आलं की लोक हिरमुसतात, पण तो सोन्याचा कागद आहे. मुदत संपलेले किती परवाने आहेत आणि त्यांची शस्त्रं कुठे आहेत हे जर कोणी मोजतच नसेल तर तुमची पुढची मागणी आपोआप तयार झाली, आणि ती मागणी नाकारायला कोणाकडे कारण उरत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, फी २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. तिकडे वेळ लागतो, खूप लागतो, म्हणून तारखा एका वहीत लिहा. मोबाईलच्या रिमाइंडरवर नाही, वहीत, कारण माणूस गाव सोडून जातो, ग्रुप सोडतो, वही राहते.

आकड्यांनी काय होतं ते बीडमध्ये सगळ्यांनी बघितलं. डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, त्यानंतर जिल्ह्यात हजाराच्या वर शस्त्रपरवाने आहेत हे लोकांसमोर आलं, हातात पिस्तूल घेऊन काढलेले रील्स आले, आणि मग छाननी होऊन शेकड्याने परवाने रद्द झाले. कायदा तोच होता, कलमं तीच. आकडा लोकांना कळला म्हणून हललं. पण त्यासाठी एका माणसाचा इतका वाईट मृत्यू व्हावा लागला, हे मला सहन होत नाही. मुंबईत तो आकडा आधीच उघडा असायला हवा.

आमदारांचं कसं करायचं: अधिवेशन चालू असताना जाऊ नका, त्यांना वेळ नसतो आणि प्रश्न आधीच गेलेले असतात. हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, बाकी दोन मुंबईत, त्याच्या बरंच आधी जा आणि तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात द्यावं लागतं) तयार लिहून न्या, एका पानावर, आरटीआयचं उत्तर जोडून. ‘साहेब बघा काहीतरी’ असं नाही. प्रश्न असा लिहायचा की मंत्र्यांना आकडा सांगावा लागेल. तुमचे आमदार सत्ताधारी असोत की विरोधक, दोन्हीकडे द्या, आणि ग्रुप कुठल्या पक्षाचा आहे अशी शंका आली की काम संपलं समजा, म्हणून आमच्यात नियम आहे की निवेदन देतानाचा फोटो कुठल्याही पक्षाच्या बॅनरवर जाऊ द्यायचा नाही. खासदारांना पण असंच, लोकसभेत लेखी प्रश्न विचारता येतो, त्यांच्या सहीने नागरिकांची याचिकाही सादर करता येते. आणि निवेदनात एक ओळ जरूर घाला की २०२३ ला सुप्रीम कोर्टाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेऊन राज्यांकडून माहिती मागवली होती. ही ओळ वाचल्यावर कागद लगेच बाजूला ठेवला जात नाही.

सह्यांची मोहीम करायची तर डनब्लेनचं उदाहरण वाचून करा. स्कॉटलंडमधलं छोटं गाव, १३ मार्च १९९६, शाळेच्या जिममध्ये एका माणसाने १६ लहान मुलं आणि त्यांच्या बाई यांना मारलं, आणि त्याच्याकडच्या पिस्तुलांना परवाना होता. गावातल्या आणि आसपासच्या काही बायकांनी मिळून सह्या गोळा करायला घेतल्या, नाव दिलं स्नोड्रॉप, कारण त्या मार्चमध्ये तेवढं एकच फूल फुललेलं होतं. मागणी एका ओळीची: खाजगी माणसाकडे पिस्तूल नको. सात लाखांच्या वर सह्या झाल्या आणि १९९७ संपायच्या आत दोन वेगवेगळ्या सरकारांनी दोन कायदे करून पिस्तुलांवर बंदी आणली. त्या बायका वकील नव्हत्या, पुढारी नव्हत्या. त्यांनी मागणी वाढवत नेली नाही, हे मला त्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. आम्ही स्टेशनबाहेर संध्याकाळी सह्या घेतो तेव्हा एका माणसाकडे बोलायला आपल्याला वीस सेकंद असतात, लोकल चुकवून कोणी थांबत नाही. त्या वीस सेकंदात आमचं एकच वाक्य: “पोलिसांनी दरवर्षी सांगावं, आपल्या भागात किती परवाने आहेत आणि किती तपासले.” लोक सही करतात. ‘बंदूकमुक्त मुंबई’ म्हटलं की वाद घालतात आणि निघून जातात.

विरोध करणाऱ्यांचं नीट ऐका. आमच्यातल्या एका काकांचा भाऊ सावंतवाडीकडे शेती करतो, त्याच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. डुक्कर आणि माकडं रात्रीत अख्खी बाग झोपवतात, आणि प्रत्येक निवडणुकीला ती बंदूक ठाण्यात जमा करायला त्याला हेलपाटे मारावे लागतात. काका पहिल्याच मीटिंगला उठून म्हणाले, “अहो ताई, तुमचा कायदा कडक झाला की मरणार माझा भाऊ, मुंबईतला भाई नाही.” त्यांचं बरोबर होतं. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक कागदावर शेतीसंरक्षण आणि खेळाडूंचे परवाने वेगळे काढलेले असतात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये रायफल शूटिंगमध्ये ब्राँझ आणलं तेव्हा आमच्या ग्रुपवर पण पेढे वाटले गेलेच की. शूटरला सुरक्षित हाताळणीची शिस्त आपल्यापेक्षा जास्त असते, त्याला सोबत घ्या, बंदूक घरी कशी ठेवायची यावर त्यालाच बोलू द्या, सोसायटीतले लोक त्याचं ऐकतात. काका आज आमच्यासोबत आहेत.

आझाद मैदानाबद्दल थोडक्यात: परवानगीचा अर्ज बरेच दिवस आधी, किती माणसं, किती वेळ, माईक आहे का ते सगळं लिहून. जमत असेल तर करा, आम्ही एकदाच केलं, तीस-चाळीस जण होतो, उन्हात बसलो, त्यापेक्षा परिमंडळाच्या डीसीपींची अर्ध्या तासाची भेट जास्त उपयोगी ठरली असं माझं मत.

आणि काही गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. कोणाकडे कट्टा आहे असं कळलं तर ग्रुपवर नाव टाकायचं नाही, स्वतः जाऊन बघायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही. ११२ किंवा क्राइम ब्रँच, नाव गुप्त ठेवायला सांगायचं, आणि गप्प बसायचं. ज्याच्या कमरेला खरंच घोडा (पिस्तूल) आहे त्याच्याशी पंगा घेणं हे नागरिकांचं काम नाही. जात, धर्म, यूपी-बिहार यावर घसरणारी पोस्ट आली तर ॲडमिनने लगेच काढायची, आमच्याकडे एकदा ती राहिली आणि दोन घरं कायमची तुटली. एखाद्या घरातली बाई येऊन सांगेल की नवऱ्याने बंदूक दाखवली, तर ती गोष्ट त्या खोलीच्या बाहेर जाता कामा नये, तिच्यासोबत दोन बायका ठाण्यात जा, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा आणि त्याच वेळी परवाना निलंबित करण्यासाठी आयुक्तांच्या नावे वेगळा अर्ज द्या, कलम १७ लिहून. ते लिहायचं बहुतेक जण विसरतात आणि बंदूक त्याच कपाटात राहते. आणि घरातलं कोणी खूप खचलेलं असेल, जगायचं नाही असं बोलत असेल, तर त्याच दिवशी ११२ ला किंवा ठाण्यात सांगून बंदूक घराबाहेर कशी काढता येईल ते बघा आणि १४४१६ ला टेली मानसला फोन लावा, तिथे मराठीत बोलता येतं. बाकी सगळे अर्ज नंतर.

आमचं पहिलं अपील सध्या चालू आहे, मुद्दा ५ आणि ६ चं उत्तर आलेलं नाही. काकूंनी पत्रा अजून बदललेला नाही, भोकावर आतून एम-सील लावलंय, पावसाळ्यात गळतं म्हणून. आम्ही त्या भोकाचा शेजारी पट्टी धरून फोटो काढलाय, तारखेसकट, आणि प्रत्येक निवेदनाला पहिलं पान म्हणून तोच जोडतो. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर आज जाऊन फोटो काढून ठेवा, शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून, म्हणजे आकार कळतो. आरटीआयचा मजकूर टाईप करून हवा असेल तर सांगा, पाठवते.